लाल सहा खाली, निळा चार वर

४ नोव्हेंबर, सोमवार

पुढच्या पिढ्यांच्या माहितीसाठी नोंद करून ठेवतो: आज सकाळी सव्वादहा वाजता माझ्या लाल स्वेटरला छपाईच्या खोलीत कायमची प्रवेशबंदी झाली. स्वेटरने काही गुन्हा केला नव्हता. बारा वर्षं तो माझ्या अंगावर निमूट बसून आहे. कोपराचं भोक सोडलं तर त्याच्या चारित्र्यावर बोट ठेवायला जागा नाही. पण माझ्या पुतणीचं म्हणणं असं की त्याचा लाल रंग स्क्रीनवर पडतो आणि मग फोटोतला लाल मला कळत नाही.

"काका, या खोलीत करडंच घालायचं."

"डोक्यावरचे केस करडे आहेत, तेवढ्यावर भागणार नाही का?"

"केस चालतील," ती म्हणाली. चेहऱ्यावर हसू नाही.

ही दादाची एकुलती एक. छपाईचं शिक्षण संपवून दोन महिन्यांपूर्वी घरी आली आणि येताना दिसेल ते मोजायची सवय घेऊन आली. मी तिला मोजपट्टी म्हणतो. आल्या आल्या तिने खोलीच्या भिंती करड्या केल्या, खिडकीला करडा पडदा लावला, दिवे बदलले. आता आत बसलं की ढगाच्या पोटात बसल्यासारखं वाटतं. पडदा सरकवायचा नाही, कारण ऊन दर तासाला रंग बदलतं. बाहेर सकाळ आहे की दुपार हे मला दादाच्या चहाच्या हाकेवरून कळतं.

दुकान दादाचं, पण फोटो छापायचं मोठं मशीन गेली सात वर्षं माझ्या हातात आहे. ते दुसऱ्या कोणाचं ऐकत नाही. आमचा स्क्रीन जरा पिवळट दाखवतो आणि प्रिंटर जरा लालसर छापतो. दोघांच्या भांडणात मधे उभं राहून न्याय करायचा, हे माझं काम. त्यासाठी मी प्रिंटरच्या यादीत एक सेटिंग साठवून ठेवली आहे: लाल सहा खाली, निळा चार वर. तिचं नाव 'नेहमीचं'. प्रिंट सोडताना ती निवडायची. कुठल्या फोटोला त्याहून अर्धा कमी, कुठल्याला एक जास्त, हे डोक्यात. मोजपट्टीने आज विचारलं, "काका, हे कुठे लिहून ठेवलंय का?" लिहिण्यासारखं नसतंच ते.

६ नोव्हेंबर, बुधवार

हिचा, म्हणजे बायकोचा, फोन. पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला आहे, तीन वर्षांपूर्वी बदली झाली. तेव्हा असं ठरलं होतं की इथे मशीनला माणूस मिळाला की मी पाठोपाठ जायचं. माणूस काही मिळाला नाही. म्हणजे सहाजण आले. कोणी आठवडा टिकला, कोणी दोन. एकालाही 'नेहमीचं'च्या पुढचं जमलं नाही.

हिचा घरमालक घर विकतोय, तीस तारखेच्या आत खाली करायचंय. दोन जागा बघितल्या आहेत. एक खोली, प्रयोगशाळेला लागून. किंवा दोन खोल्या, बसने वीस मिनिटं.

"अहो, मला एवढंच सांगा. किती खोल्या घेऊ?"

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही येणार आहात का."

"मशीनला विचारून सांगतो," मी म्हणालो.

पूर्वी असल्या वाक्याला ती हसायची. आज म्हणाली, "पंचवीस तारखेपर्यंत सांगा. नंतर त्या दोन खोल्या जातील." आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून फोन ठेवला. मला काही शिट्टी ऐकू आली नाही.

दादाला सांगितलं. तो म्हणाला, "जा की. मी कधी अडवलंय? एवढं फुलांचं काम येतंय ते होऊ दे फक्त." गेल्या वर्षी फक्त हॉटेलचं काम होऊ द्यायचं होतं. त्याच्या आदल्या वर्षी फक्त शाळेचं.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

फुलांचं काम आज चालत आलं. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या बाई. सत्तरीच्या पुढे, पाठ ताठ, पिशवीत ओल्या रुमालात गुंडाळलेलं एक खरं फूल. रानात उगवणाऱ्या छत्तीस फुलांचे फोटो त्यांनी काढलेत. दोन डिसेंबरला त्यांच्या जुन्या कॉलेजात प्रदर्शन. कागद सुती, जाड, महागाचा.

"सुंदर नकोत," बाई म्हणाल्या. "बरोबर हवेत. जांभळ्याच्या दोन छटा म्हणजे दोन वेगळी फुलं असतात. तुम्ही छटा चुकवलीत तर पोरं फूल चुकीचं शिकतील."

सात वर्षांत गोरं करा म्हणणारे भेटले, बारीक करा म्हणणारे भेटले. सुंदर नको म्हणणारं गिऱ्हाईक हे पहिलंच.

मोजपट्टीने त्यांना स्क्रीनसमोर बसवलं. कागदावर फोटो कसा उतरेल ते आधीच स्क्रीनवर दाखवायची युक्ती असते. कळ दाबली की स्क्रीन आपला भपका सोडून कागदाइतपत वागायला लागतो.

"आता डोळे मिटा. मी सांगितलं की उघडा."

"का म्हणून?"

"बदलताना पाहिलं की फार वाईट वाटतं. सगळ्यांनाच. नंतर डोळ्यांना सवय होते."

"मी बारावीचे निकाल हातात दिलेत लोकांच्या," बाई म्हणाल्या आणि डोळे टक्क उघडे ठेवून बसल्या. फोटो मलूल झाला. पांढरा दुधट, काळा राखेसारखा. बाई पुढे वाकल्या. "हं. म्हणजे इतका वेळ हा फुशारक्या मारत होता. आणि हे करडे डाग कसले?"

"तिथला जांभळा या कागदाला झेपत नाही."

"मग कागद काय करतो?"

"झेपेल त्यातला सगळ्यात जवळचा देतो."

"जवळचा म्हणजे चुकीचा."

"हो. पण किती चुकीचा ते आधी कळतं."

चाळीस वर्षांनी एक बरोबर उत्तरपत्रिका हाती लागावी तसं बाईंनी मोजपट्टीकडे पाहिलं. मला कसलाही हेवा वाटला नाही, हे इथे मुद्दाम नमूद करतो.

११ नोव्हेंबर, सोमवार

नवा स्क्रीन आला. जुना स्क्रीन भंगारवाला घेऊन गेला. सात वर्षांचा सोबती, जाताना आमच्या दोघांचेही चेहरे पिवळे.

मोजपट्टीने तिच्या छपाईच्या शाळेतून एक मोजायचं यंत्र उसनं आणलंय. आधी सुती कागदावर नऊशे रंगीत चौकोन छापले, दिवसभर सुकू दिले, मग ते यंत्र एकेका ओळीवरून फिरवत बसली. या सगळ्यातून निघतं ते प्रोफाइल. प्रोफाइल म्हणजे या मशीनचा या कागदावरचा स्वभाव लिहून ठेवलेली फाईल. कुठे लाल मारतो, कुठे हिरव्यात कच खातो, सगळं. प्रोग्रॅम ती वाचतो आणि आधीच सांभाळून घेतो. माणसांच्या अशा फाईली निघाल्या तर लग्नं जमायची नाहीत.

"काका, आता एक लक्षात ठेवायचं. रंग एकानेच बघायचे. प्रोग्रॅम बघतोय ना, मग प्रिंटरच्या यादीत काही निवडायचं नाही. दोघांनी बघितलं की दोनदा दुरुस्ती होते."

"बरं."

"आता हे कोणालाही चालवता येईल," ती दादाला म्हणाली. "बाबा, तुम्हालासुद्धा."

दादाला त्यातलं 'सुद्धा' लागलं. मला 'कोणालाही'.

दुपारी ती फोनवर हळू आवाजात बोलत होती. मला बघून "ठेवते हं काकू" म्हणाली. आजकालच्या मुली रस्त्यात भेटेल तिला काकू म्हणतात.

१३ नोव्हेंबर, बुधवार

पहिल्या चार प्रिंट. स्क्रीनवर फुलं देखणी दिसत होती. दार उघडायच्या आधी कडी काढावी तसं हाताने 'नेहमीचं' निवडलं आणि प्रिंट सोडल्या. निघाल्या त्या हीव भरल्यासारख्या. पांढऱ्या पाकळ्या निळसर, जांभळं फूल सरळ निळं. नऊशे चौकोन मोजून हे!

सात वर्षांत माझी प्रिंट अशी कधी आली नव्हती. वाईट वाटलं. अगदी खरं लिहायचं तर वाईट वाटण्याआधी दोन-तीन सेकंद दुसरंच काहीतरी वाटलं.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

मोजपट्टीने सगळं परत तपासलं. नऊशेच्या नऊशे. तिने स्वतः काढलेला एक छोटा नमुना बरा आला. त्यावरून काही सिद्ध होत नाही. एखादा नमुना कोणाचाही बरा येतो. खऱ्या प्रिंट मीच सोडायच्या असा दुकानाचा रिवाज आहे. त्या मी सोडल्या, त्या परत निळ्या.

"काका, तुम्ही यादीतलं काही निवडत नाही ना?"

"मी काय निवडणार?" संध्याकाळी तिने परत विचारलं, मी परत तेच म्हणालो.

खरंच आहे. 'नेहमीचं' काय निवडणं झालं? निवडायला दोन गोष्टी लागतात.

१६ नोव्हेंबर, शनिवार

बाई आल्या. रुमाल सोडला, फूल प्रिंटशेजारी ठेवलं.

"हे फूल मी ओळखत नाही," त्या म्हणाल्या. "माझ्याच फोटोतलं आहे ना?"

दादा बाईंदेखतच पोरीवर घसरला. "तुझी शाळा शाळेत ठेव. सात वर्षं हा माणूस डोळ्यांनी करत आला, एक तक्रार नाही. आणि तू आलीस दोन महिन्यांत शहाणपणा शिकवायला! जा, काउंटरवर बस. पासपोर्टचे फोटो काप."

ती माझ्याकडे बघत होती. मी प्रिंटचा कोपरा बघत होतो. कोपऱ्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

"काका, सांगा ना त्यांना. नमुना बरोबर आला होता."

"एक आला होता," मी म्हणालो. ते खोटं नव्हतं.

ती कात्री घेऊन काउंटरवर गेली. दादाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तू आहेस म्हणून दुकान आहे रे." बरं वाटलं. घरी जाईपर्यंत बरं वाटत होतं. चपला काढताना बंद झालं.

१८ नोव्हेंबर, सोमवार

आता खोलीत मी एकटा. कागद, पडदा, भिंती, मी, सगळे एकाच रंगाचे.

निळं येतंय म्हणून फोटोतच लाल वाढवला. पाकळ्या सुधारल्या, पानं तपकिरी झाली. पानांना हिरवं दिलं तर आकाशाला ताप आला. एका फोटोवर चार तास. प्रत्येक दुरुस्ती आधीच्या दुरुस्तीची माफी मागत असते आणि स्वतः नवा गुन्हा करते. छत्तीस फोटो आहेत. दिवस चौदा. एवढं जवळ नाक नेऊन बसलो की काही वेळाने पांढरं काय होतं तेच आठवेना.

उठून पडदा थोडा बाजूला केला. बाहेर ऊन होतं. समोरच्या गच्चीवर कोणाचे तरी कपडे वाळत होते, सगळ्या रंगांचे, कोणीही न मोजलेले. दादा आत आला म्हणून पडदा सोडला.

"जमेल ना?"

"बघतो."

"तुला नाही जमलं तर कोणाला जमणार?"

हे वाक्य दादा फार प्रेमाने म्हणतो. दाराला बाहेरून कडी लावल्याचा आवाज प्रेमळ असू शकतो, हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं मी वाचलेलं नाही.

२० नोव्हेंबर, बुधवार

हिला फोन केला. तीन मिनिटं हवामानावर बोललो. मग म्हणालो, "एकच खोली घे."

तिने विचारायच्या आधीच कारणं सांगायला लागलो.

"हे फुलांचं काम अडकलंय. मशीन बिघडलंय. मी गेलो तर दादा उघडा पडेल. पुढच्या वर्षी बघू."

"पुढच्या वर्षी काय बघू?"

"मशीन."

"बरं," ती म्हणाली. भांडली असती तर बरं झालं असतं. तीन वर्षं ही भांडत होती तोवर मी निवांत होतो. 'बरं' म्हटल्यावर हातात काही धरायला राहिलं नाही.

एक मात्र नीट झालं. आता मोकळ्या मनाने कामाला लागता येईल. लागलो. चार प्रिंट वाया.

२३ नोव्हेंबर, शनिवार

लांबलचक लिहायचं आहे.

अकराच्या सुमारास बाई आल्या, प्रिंट मागितल्या नाहीत. स्टूल ओढून माझ्या शेजारी बसल्या. "मला करून दाखवा. फोटो उघडण्यापासून. मी मधे बोलणार नाही."

मी फोटो उघडला. प्रोफाइल निवडलं. कागदाचं रूप दाखवणारी कळ दाबली. छापायची खिडकी उघडली. हाताने आपलं काम केलं.

"थांबा. आत्ता काय केलंत?"

"कुठे काय?"

"छापा म्हणायच्या आधी. यादीतलं काहीतरी दाबलंत."

"ते होय. ते नेहमीचं."

"म्हणजे काय?"

"लाल सहा खाली, निळा चार वर."

"कशासाठी?"

"आमचा प्रिंटर लाल मारतो ना."

"तुमची पुतणी मला म्हणाली होती की तिच्या त्या फाईलने तो लाल आधीच काढलाय."

"हो, काढलाय."

"मग तुम्ही कोणता लाल काढताय?"

वर्गात आयुष्य घालवलेल्या माणसाला गप्प कधी बसायचं ते बरोबर कळतं. मला माझंच उत्तर ऐकू येत होतं आणि ते कुठूनही ऐकलं तरी मूर्खपणाचंच होतं. फुलातला. मी फुलातला लाल काढत होतो. प्रोग्रॅमने एकदा काढायचा, मी वर आणखी एकदा. अकरा दिवस. रोज. ज्याबद्दल तिने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, नेमकं तेच, आणि तिने विचारल्यावर तोंड वर करून नाही म्हणत.

"न दाबता करून बघा," बाई म्हणाल्या.

सुती कागद संपला होता. सगळा मीच संपवला होता. नवा मंगळवारी यायचा होता. मोजपट्टीच्या खणात तिच्या स्वतःच्या फोटोंसाठी घेतलेलं त्याच सुती कागदाचं एक पाकीट असतं. वर पेन्सिलने लिहिलेलं: 'माझे. ७.' ती बाहेर काउंटरवर होती. चार पावलं. जाऊन विचारता आलं असतं. मी खण उघडला आणि एक कागद काढून घेतला.

बोट यादीकडे जात होतं. उजवा हात मांडीखाली दाबून ठेवला आणि डाव्या हाताने प्रिंट सोडली. शाळेतल्या पोरासारखा.

कागद हळूहळू बाहेर आला. बाईंनी रुमाल सोडून फूल शेजारी ठेवलं, प्रिंट दिव्याखाली धरली, मान तिरकी केली.

"हं," त्या म्हणाल्या. "जरा मलूल आहे. पण फूल तेच आहे."

जाताना दारात थांबल्या. "मी कोणाला काही सांगणार नाही. पेपर तुमचा आहे."

२४ नोव्हेंबर, रविवार

दुकान बंद. घरी बसून आहे.

सोपं आहे. उद्या जायचं आणि म्हणायचं, जमलं एकदाचं, मी बसवलं. दादा पाठ थोपटेल. मोजपट्टी पासपोर्टचे फोटो कापत राहील. वर्ष-सहा महिन्यांनी कंटाळून दुसरीकडे नोकरी धरेल, तिला काय, कुठेही मिळेल. खोली माझी. मशीन माझं. आणि बाई बोलणार नाहीत.

एक गोष्ट कळत नाही म्हणून लिहून ठेवतो. या मशीनमुळे मला निघता येत नाही असं मी तीन वर्षं हिला सांगतोय, दादाला सांगतोय, येईल त्या माणसाला सांगतोय. काल ती प्रिंट माझ्याशिवाय बरोबर आली. माझा हात मांडीखाली आणि प्रिंट बरोबर. तर मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. जिना उतरताना एक पायरी कमी निघावी तसं झालं. आणि सारखे ते सहाजण आठवताहेत, आठवडा टिकलेले, दोन टिकलेले. त्यातल्या एकाचा हात खरंच चांगला होता. त्याला मी नीट सांगितलं होतं का? मला वाटतं सांगितलं होतं.

२५ नोव्हेंबर, सोमवार

दादा काउंटरवर पावत्या लावत होता. मोजपट्टी फोटो कापत होती. मी म्हणालो, "दादा, मशीन बरोबर होतं. हिचं प्रोफाइल बरोबर होतं. चूक माझी होती."

"कसली चूक?"

सांगितलं. लाल सहा, निळा चार, सगळं. मोठ्याने सांगितल्यावर ते इतकं छोटं झालं की दादाला वाटलं अजून काहीतरी पुढे आहे.

"एवढंच?"

"एवढंच. आणि तू हिला गिऱ्हाइकासमोर बोललास तेव्हा मी गप्प बसलो, ते."

कात्री थांबली. तिने मान वर केली नाही. "काका, मी तुम्हाला विचारलं होतं."

"हो."

"दोनदा."

"दोनदा."

"मला वाटायला लागलं होतं की मला येतच नाही. सगळे नऊशे मी घरी जाऊन परत मोजले. तीन वेळा."

मी तिने कापलेले फोटो गोळा करायला लागलो.

मग ती उठून आत गेली, मी मागोमाग. माझ्या खुर्चीत बसली, प्रिंटरची यादी उघडली. "पुसू?"

"पूस."

"परत आणता येणार नाही."

"माहीत आहे."

एक टिचकी. सात वर्षांना निदान दोन टिचक्या लागतील असं मला वाटलं होतं.

दादा दिवसभर माझ्याशी बोलला नाही. तिच्याशीही नाही. बापाला पोरीची माफी मागायची नसली की तो किती वेळा काच पुसतो हे मी आज मोजलं. पाच.

दुपारी हिला फोन. "दोन खोल्या घे."

"शुक्रवारी सही केली मी. एका खोलीवर."

"आणि ती दुसरी जागा?"

"गेली. अहो, तुम्हीच म्हणालात."

"हो. मीच म्हणालो." मग म्हणालो, "तरी येऊ का?"

"एक पलंग बसतो. एक टेबल. कपाट बसत नाही."

"मला कपाट कशाला?"

"आणि तुम्ही घोरता."

"सहा खाली घेईन."

"काय?"

"काही नाही. रविवारी येतो."

"तुम्ही तीन वर्षांत चाळीस वेळा 'रविवारी येतो' म्हणालायत," ती म्हणाली. रागाने नाही, रजिस्टरमधलं वाचून दाखवावं तसं. "आधी या. मग बघू कसं मावायचं ते."

२८ नोव्हेंबर, गुरुवार

छत्तीस पूर्ण. सगळ्या मोजपट्टीने सोडल्या. मी शेजारी स्टुलावर बसून फक्त प्रिंट उचलायचं काम केलं, कडेला धरून, तेही ती सांगेल तसं. मधेच तिने विचारलं, "काका, पिवळ्या फुलाच्या सावलीत हिरवट वाटतंय का तुम्हाला?" वाटत होतं. सांगितलं. तिने थोडं सुधारलं. तेवढंच लागत होतं माझं.

बाईंनी एकेक प्रिंट फुलाच्या नावाने हाक मारून मोजून घेतली, हजेरी घ्यावी तशी. एकही गैरहजर नव्हतं. मोजपट्टीला म्हणाल्या, "उद्घाटनाला ये. पुढच्या रांगेत बस." माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. काठावर पास.

तीन वाजता दादाने हाक मारली. दोन कप ओतले, एक माझ्याकडे सरकवला, स्वतःच्या कपात बघत राहिला.

"म्हणजे रविवारी नक्की?"

"नक्की."

"मशीनचं काही नाही रे. ती सांभाळेल." बिस्किट बुडवलं, ते तुटून कपात पडलं, चमच्याने शोधत बसला. "तीन वाजता चहाला कोण बसणार माझ्याबरोबर?"

मी आजवर समजत होतो की मला मशीनने धरून ठेवलंय.

"पोरीला बसव," मी म्हणालो. "आणि आधी तिला सॉरी म्हण. चहा थंड व्हायच्या आत."

"तू शिकवू नकोस मला," दादा म्हणाला. पण तिसरा कप काढला आणि आतल्या खोलीकडे बघून हाक मारली. "अगं, ये जरा. मोजायचं थांबव पाच मिनिटं."

मी माझा कप घेऊन उभ्यानेच बाहेर गेलो. आत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. बाहेर आली तेव्हा तिचं नाक लाल होतं. किती लाल ते मी अंदाजानेही सांगणार नाही.

३० नोव्हेंबर, शनिवार

एक पिशवी, एक बॅग. एका खोलीत याहून जास्त मावणार नाही. हिने कालच फोन करून दाराची रुंदी सांगितली. बॅग उभी न्यावी लागेल.

सकाळी कागदवाल्याकडे गेलो. सुती कागद सुटा देत नाही म्हणाला, पाकीटच घ्यावं लागतं. घेतलं. दुकानात कोणी आलं नव्हतं. आतल्या खोलीचा पडदा उघडा होता आणि उन्हाचा एक पट्टा खुर्चीवर पडला होता. पडदा ओढून घेतला, तिला काम करायचं असतं.

तिचा खण उघडला. पाकिटावर अजून 'माझे. ७.' असंच लिहिलेलं, आत सहा. तिने नक्की मोजले असणार. बोलली नाही कधी. कडांना धरून एक कागद त्या सहांवर ठेवला, छापायची बाजू खाली, ती ठेवते तशी. उरलेलं पाकीट दुकानाच्या कपाटात सरकवलं आणि खण हळूच लावून घेतला.